दाराजवळचा बाक

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. स्कूटीच्या डिकीत कसं, ब्रेलची पाटी ठेवली, टोचणी ठेवली, भिंग ठेवलं, जाड कागदांचा गठ्ठा कोंबला, की झाकण लागत नाही? तसंच माझ्या डोक्याचं झालंय! पुण्याची मावसबहीण फोन करते आणि म्हणते, "अगं, सांग ना काहीतरी शाळेतलं." एक सांगायला जावं तर मागून चार धक्काबुक्की करत येतात.

मी तंजावरची. माहेर इथलंच, सासरही इथलंच. घरात मराठी, अंगणात तमिळ, आणि शाळेत दोन्हींत कालवलेलं इंग्रजी. ज्या मुलांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना नेहमीच्या शाळेत नेहमीच्या मुलांबरोबर शिकता यावं म्हणून मी शाळाशाळांतून फिरते. आज तिरुवैयारु, उद्या ओरत्तनाडु, परवा आणखी कुठे. पण आज सांगते ते सगळे किस्से एकाच शाळेतले. पापनाशमच्या पुढे, भाताच्या शेतांना लागून एक दुमजली शाळा आहे, तिथले. आणि त्यातही एकाच वर्षातले, म्हणजे मलरच्या सहावीच्या वर्षातले.

*

मलरला जन्मापासून दिसत नाही. तिची आई बसस्टॉपवर मोगऱ्याचे गजरे करून विकते. घरात दोघीच. पाचवीपर्यंत गावातल्या छोट्या शाळेत निभावलं, आता सहावीला मोठ्या शाळेत घ्या म्हणून आई तिला घेऊन आली. मीही गेले होते.

इथले एच.एम. म्हणजे हेडमास्तर. इथे सरांना 'सार' म्हणतात, म्हणून ते एच.एम. सार. माणूस सरळ, कडक, आणि शिस्तीचा भोक्ता. कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात करकरणारी चामड्याची चप्पल. त्यांनी मलरकडे पाहिलं, खुर्चीतून पुढे वाकले आणि एवढ्या मोठ्यांदा ओरडले की टेबलावरचा पेला हादरला.

"नाव काय तुझं?"

पोरगी दचकली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "टीचर, सारना कमी ऐकू येतं का?"

मी काही बोलायच्या आत तिने छाती भरून श्वास घेतला आणि गरजली, "म-ल-र-वि-ळी!"

छपरावरची कबुतरं उडाली. शेजारच्या खोलीतून शिपाई काय झालं म्हणून धावत आला!

सारनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे."

पण पुढचं बोलणं काही चांगलं नव्हतं. "टीचर, जिना आहे, मागे पाण्याची टाकी आहे, चारशे पोरांची धावपळ आहे. काही झालं तर उत्तर मला द्यायचंय. अर्धवार्षिक परीक्षेपर्यंत बघू. जमलं तर राहील. नाही जमलं तर त्रिचीला खास शाळा आहे, हॉस्टेल आहे, तिकडे पाठवू."

त्रिचीची शाळा वाईट नाही हो, चांगली आहे! मीच तिथे मुलं पाठवली आहेत. पण मलरची आई माझा हात धरून म्हणाली, "ती सुट्टीला घरी येईल. मी रोज कुणाच्या केसांत गजरा माळू?"

सारनी मात्र एक केलं. वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या सहावी ब-मधला दाराजवळचा पहिला बाक मलरला दिला. "येताजाताना अडखळायला नको," म्हणाले. हा बाक लक्षात ठेवा.

*

पहिली मासिक परीक्षा झाली. मलरने उत्तरं ब्रेलमध्ये लिहिली. म्हणजे जाड कागदावर टोचून उठवलेले ठिपके. मी ते वाचून शेजारी तमिळमध्ये उतरवून द्यायचं आणि मग विषयाच्या टीचरनी मार्क द्यायचे, असं ठरलं होतं.

एच.एम. सारनी हुकूम काढला, "त्या मुलीच्या प्रत्येक पेपरची कॉपी ऑफिसात राहिली पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा."

ऑफिसात मुरुगेसन म्हणून क्लार्क. अत्यंत कामसू! दुसऱ्या दिवशी मी गेले तर हा मशीनपाशी घामाघूम. भोवती कोऱ्या कागदांचा ढीग.

"टीचर, मशीन बिघडलंय. सकाळपासून झेरॉक्स काढतोय, सगळे पांढरेच येतायत! टोनर बदलला, काच पुसली, तरी पांढरेच."

"मुरुगेसन, अहो, त्यावर शाईच नाही!"

त्याने कागद उचलून उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "मग मुलीने पेपर कोरा दिलाय?"

मी त्याचं बोट धरून ठिपक्यांवरून फिरवलं, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अच्छा! कागद फुगलाय म्हणून मला वाटलं ओल लागली. बाकीचे पेपर म्हणून तर मी सपाट करायला ठेवलेत."

"कुठे ठेवलेत?"

"गोदरेजच्या कपाटाखाली. कपाट चार जणांनी उचललं!"

बोंबला! चार पेपर इस्त्रीच्या धोतरासारखे निघाले. एक ठिपका शिल्लक असेल तर शपथ. अर्धवार्षिकपर्यंतच्या मुदतीतली पहिलीच परीक्षा, आणि पुरावा कपाटाखाली!

मलरला सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. "टीचर, काय लिहिलं होतं ते आठवतंय मला. परत लिहून देते." पाटीत कागद अडकवला, टोचणी उचलली आणि थांबली. "पण गणितात एक चूक झाली होती. ती पण परत करू का?"

*

साधारण ऑगस्टपासून शाळेत एक चमत्कार सुरू झाला. सहावी ब शांत झाली!

सहावी ब म्हणजे काय चीज होती ते सांगते. टीचर वर्गाबाहेर गेले की बाजार. डबे वाजायचे, खडू उडायचे, एकदा तर पंख्याला चप्पल लटकत होती. आणि आता एच.एम. सार राउंडला निघाले की जिन्यावरून गोंगाट ऐकू यायचा, पण वर पोचून दारात उभे राहिले की सगळी पोरं पुस्तकात मान घालून बसलेली!

स्टाफ मीटिंगमध्ये सारनी छाती फुगवून सांगितलं, "छडी लागत नाही. माझी नुसती सावली पुरते."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

एके दिवशी मी मलरच्या शेजारी बसून तिला नकाशा शिकवत होते. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून कावेरी केली होती. वर्गात टीचर नव्हते, त्यामुळे कानठळ्या बसत होत्या. मलरचं बोट कावेरीवरून चाललं होतं, तिरुवैयारु ओलांडून पुढे निघालं होतं. मध्येच ते थांबलं. दुसऱ्या हाताने तिने टोचणी उचलली आणि पाटीवर वाजवली.

टक-टक.

अख्खा वर्ग गप्प! खडू खिशात गेले, पुस्तकं उघडली. आणि मग, चांगलं चार श्वासांनंतर, माझ्या कानांवर किल्ल्यांचा आवाज आला.

सार दारात. वर्गाकडे बघून समाधानाने हसले. मला म्हणाले, "बघितलंत, टीचर? सावली!"

मी म्हटलं, "हो, सार."

दुसरं काय म्हणणार?

*

खेळाच्या तासाला मलर वर्गात बसून राहायची. आमचे पी.टी. सार मनाने मऊ, त्यांना ते बघवेना. त्यांनी माझ्याकडून आवाजाचा बॉल मागून घेतला. प्लॅस्टिकचा बॉल, आत छर्रे, जमिनीवरून सरपटत गेला की खुळखुळतो. सगळ्या पोरांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. "आता सगळे सारखे!" असं जाहीर करून स्वतःही पट्टी बांधली आणि विकेटकीपर म्हणून उभे राहिले.

मलरची मैत्रीण दिव्या बॅटिंगला. बॉल आला, दिव्याने बॅट फिरवली, बॅट लागली. कुठे गेला कुणाला पत्ता नाही. सगळे कान देऊन स्तब्ध.

तेवढ्यात खुळखुळ, खुळखुळ! स्टंपच्या मागून!

पी.टी. सारनी असा सूर मारला की बघत राहावं. धप्पकन पडले, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ओरडले, "आउट!"

"बें!" असं उत्तर आलं.

शाळेच्या कुंपणाला भोक आहे. तिथून बाजूच्या घरची शेळी येते, तिच्या गळ्यात घुंगरू असतं. ते माहीत सगळ्यांना होतं, पण पट्टी बांधली की माणूस बरंच विसरतो! सारनी शेळी काही सोडली नाही. त्यांना वाटलं, बॉलसकट एखादा पोरगा धरलाय.

मैदानाच्या टोकाकडून मलरचा शांत आवाज आला. "सार, बॉल मघापासून माझ्याकडे आहे. तुम्ही लक्ष्मीला सोडा, तिला पिल्लं आहेत."

*

डिसेंबरच्या मध्याला इथे मार्गळी महिना लागतो. पहाटे दारात मोठाले कोलम घालायचे, म्हणजे आपल्याकडची रांगोळी. आणि त्यावर शेणाचे छोटे गोळे ठेवून त्यांत भोपळ्याचं पिवळं फूल खोचायचं, अशी रीत.

मलरच्या आईला मी सहज म्हणून ब्रेल दाखवलं होतं. सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं बसतात म्हटल्यावर ती हसली. "सहाच? माझ्या दारातल्या कोलमला याच्या कितीतरी पट ठिपके असतात!" आणि महिन्याभरात शिकलीसुद्धा. बाई जात्याच हुशार.

मार्गळीच्या पहिल्या दिवशी तिने काय केलं, तर दारात कोलम न घालता शेणाच्या गोळ्यांनी एक ब्रेलचं अक्षर मांडलं. मलरचा 'म'. तीन गोळे, तीन फुलं. पोरगी उठली की हाताने चाचपून वाचेल, खूश होईल, म्हणून. मला नंतर म्हणाली, "पुढच्या मार्गळीला ती इथे असेल नसेल, कुणी सांगितलंय? म्हणून या वर्षीच घातलं."

अक्षर मांडलं आणि ती पाणी भरायला गेली. तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजीबाई बाहेर आल्या. बघतात तर काय, कोलम अर्धवट! मार्गळीत, लेकीबाळीच्या घरात, अर्धवट कोलम! त्यांच्या जिवाची नुसती घालमेल झाली. स्वतःच्या दारातलं शेण आणलं, गोळे केले, जिथे जिथे जागा रिकामी होती तिथे ठेवले, फुलं खोचली, वर भोवती पिठाची सुंदर वेल काढली आणि हात धुऊन पुण्य केल्याच्या आनंदात घरी गेल्या.

मलर बाहेर येऊन बसली. आई म्हणाली, "वाच बघू."

मलरने एकेक फूल चाचपलं. परत चाचपलं. मग शेणाचं बोट पुसत म्हणाली, "अम्मा, सहाच्या सहा ठिपके दिलेस! हे अक्षर टीचरनी अजून शिकवलेलं नाही."

*

आता एक माझ्यावरचा ऐका.

आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची एक मोठी सोय आहे. चारचौघांत खासगी बोलायचं झालं की मराठीत बोलायचं. बसमध्ये, दवाखान्यात, साडीच्या दुकानात, कुणाला काही कळत नाही. माझी स्वतःची मुलगी मराठी ऐकून उत्तर तमिळमध्ये देते, तर बाहेरच्यांचं काय!

अर्धवार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी सहावी ब-च्या व्हरांड्यात उभी राहून आमच्या ह्यांना फोन केला. डोकं तापलं होतं. सकाळीच एच.एम. सारनी सांगितलं होतं की त्रिचीशी बोलणं झालंय, जागा आहे. मार्क कितीही पडोत, मुलगी वर्गात एकटी वावरू शकते असं त्यांना स्वतःला पटलं पाहिजे. पटलं नाही तर पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, झाली की हॉस्टेल.

मी मराठीत धडाधड बोलत सुटले. "अहो, काय हट्टी माणूस आहे हा! मलरचं सगळं छान चाललंय तरी याच्या डोक्यात हॉस्टेलच! आई तिकडे रडतेय. पोरीला कुणी विचारलंय का? आणि पोरीला कळलं तर?" पाच-दहा मिनिटं मनसोक्त बोलले. मन मोकळं झालं. फोन ठेवला आणि वळले.

दाराजवळच्या बाकावर मलर बसली होती. एकटीच. बाकीचे जेवायला गेले होते.

"टीचर," ती म्हणाली, "तुमच्या भाषेत पण हॉस्टेलला हॉस्टेलच म्हणतात, ना?"

मी तिच्याशेजारी बसले. डोळे भरून आले होते, ते तिला दिसणार नाहीत म्हणून पुसलेही नाहीत. तर तिने आपला रुमाल पुढे केला!

"तुम्ही नाक ओढलंत," म्हणाली.

मग विचारलं, "तिथे दिव्या नसेल. मग माझ्या बाजूने बाकीच्यांशी कोण भांडणार?" मी खोटं काही सांगितलं नाही. माझ्या हातात नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि डबा उघडला. दहीभात होता, मला अर्धा दिला.

*

आणि हा शेवटचा.

अर्धवार्षिक परीक्षा संपली. मलरचे पेपर चांगले गेले होते, आणि मुरुगेसनने या वेळी ते स्वतःच्या मांडीवर घेऊन सांभाळले होते. शेवटच्या दिवशी सारनी मलरच्या आईला बोलावलं. ती जिन्याखाली कडुनिंबापाशी उभी होती, हातात गजऱ्यांची टोपली, गजरे सगळे तसेच. सकाळपासून तिने एकही विकला नव्हता.

मी ऑफिसात गेले. सार म्हणाले, "टीचर, मुलीला मी बेसावध असताना पाहणार आहे. आपण येतोय हे कळलं की सगळे नीट वागतात. मला खरं बघायचंय. चला!"

जिन्यापाशी येऊन त्यांनी चप्पल काढली. मलाही खूण केली, मीही काढली. कमरेचा जुडगा सोडून रुमालात घट्ट गुंडाळला आणि खिशात घातला. मग हे साठीला टेकलेले गृहस्थ धोतर वर खोचून, भिंतीला धरून, एकेक पायरी चढू लागले! मागून मी.

वर सहावी ब-चा गोंगाट टिपेला पोचला होता. वर्गात टीचर नव्हते, परीक्षा संपलेली, मग काय विचारता! कुणीतरी डबा बडवत होतं, कुणीतरी गात होतं. सारचे डोळे चमकले. आता सापडलात, असा चेहरा.

शेवटच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला.

टक-टक.

गोंगाट बंद! असा बंद, की खालच्या शेतातला पंप ऐकू यायला लागला.

सार जागच्या जागी थांबले. त्यांनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं, खिशावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळून बघितलं. मी छताकडे बघत होते.

मग ते तरातरा दाराकडे निघाले. वर्ग उभा राहिला. मलरही उभी राहिली, टोचणी अजून हातात. सार उंबऱ्यातून आत पाय टाकणार, तोच ती म्हणाली, "सार, थांबा!"

सहा महिन्यांत त्या शाळेत एच.एम. सारना 'थांबा' म्हणालेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं.

"दिव्याचं कर्कटक मघाशी दारात पडलंय. अजून कुणी उचललं नाही. तुमच्या पायात आज चप्पल नाही, सार. टोचेल."

सारचा पाय हवेतच राहिला. त्यांनी खाली बघितलं. कर्कटक होतं, टोक वर करून. ते हळूच वाकले, ते उचललं, मिटलं, दिव्याच्या हातात दिलं आणि मागे फिरले.

जिना उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला नाही. खाली येऊन चप्पल घातली. रुमालातून जुडगा काढून कमरेला लावला. मलरची आई टोपली घेऊन पुढे आली.

"सार, मग त्रिचीला कधी नेऊ?"

सारनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून सहावी ब-च्या दाराकडे बघत होते. वर पुन्हा हळूहळू आवाज वाढायला लागला होता. सारनी कमरेचा जुडगा मुद्दाम एकदा खणखणीत वाजवला.

टक-टक. सगळं चिडीचूप!

"टीचर," सार माझ्यावर खेकसले, "पोंगलची सुट्टी संपली की पहिलं काम. त्या मुलीचा बाक दाराजवळून उचला आणि पार शेवटी टाका, खिडकीपाशी!"